पेढीवरचा जुना फोटो आणि त्याची नोंद

१८ नोव्हेंबर २०१८, रविवार. कल्याणचा जुना पत्रीपूल त्या दिवशी उतरविण्यात आला. मध्य रेल्वेने काही तासांचा मेगाब्लॉक घेतला, अवजड क्रेन आल्या आणि ब्रिटिशकाळापासून लोहमार्गावर उभा असलेला, शंभरी ओलांडलेला तो लोखंडी सांगाडा जागेवरून हलला. नवा पूल वाहतुकीस खुला होण्यास जानेवारी २०२१ उजाडले. मधल्या दोन वर्षांत कल्याण-शिळ रस्त्यावरून मालाची ने-आण करणाऱ्या व्यापाऱ्यांनी जो मनस्ताप सोसला, तो अजून कोणी विसरलेले नाही. पुलाचा चेहरा मात्र विस्मरणात जाऊ लागला आहे. त्याचा कठडा कसा होता, त्यावरून दोन ट्रक समोरासमोर आले म्हणजे काय अवस्था होई, पुलाखालून कसाऱ्याकडे व कर्जतकडे जाणाऱ्या गाड्या कशा दिसत, हे दाखविणारे स्वच्छ, तारीख असलेले छायाचित्र आज कोणास हवे असेल, तर ते कोठे मिळेल?

छायाचित्रे निघाली नाहीत असे नव्हे. ती भ्रमणध्वनीत होती. व्हॉट्सॲपच्या समूहांतून ती फिरली, भ्रमणध्वनी बदलला तेव्हा काही गेली, जागा रिकामी करताना उरलेली पुसली गेली. जी वाचली त्यांच्यावर ना तारीख, ना ठिकाण, ना काढणाऱ्याचे नाव. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर रक्कम आहे, पण व्हाउचर नाही. आणि व्हाउचर नसलेली रक्कम लेखापरीक्षक मान्य करीत नाही.

छायाचित्रांची अशी व्हाउचरसह नोंद ठेवणारी सार्वजनिक दप्तरे जगात आहेत, आणि ती सामान्य नागरिकांनीच उभी केली आहेत. ब्रिटन व आयर्लंडमध्ये २००५ साली ‘जिओग्राफ’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्याची कल्पना अगदी सरळ आहे. त्या देशांच्या नकाशावर एक-एक किलोमीटरचे चौरस आखलेले आहेत; ते सव्वातीन लाखांहून अधिक आहेत. प्रत्येक चौरसातील भूभागाचे निदान एक तरी प्रातिनिधिक छायाचित्र असावे, एवढाच हेतू. आज तेथे सत्तर लाखांहून अधिक छायाचित्रे आहेत. त्यांत राजवाडे आहेत तसे रस्त्याच्या कडेचे टपालपेटीचे खांब, शेताची फाटके आणि बंद पडलेली दुकानेही आहेत. देखणेपणाला तेथे फारसे मोल नाही. हे ठिकाण कोणते, तेथे काय आहे आणि छायाचित्र कधी घेतले, या तीन प्रश्नांना उत्तर देणारे छायाचित्र ते चांगले.

ठाणे ते कल्याण हे रेल्वेने वीसेक किलोमीटरचे अंतर. जिओग्राफचा हिशेब येथे लावला तर केवळ रुळाच्या कडेने वीसेक चौरस होतात. कळव्यापलीकडचा १९१६ सालचा पारसिक बोगदा, मुंब्र्याची डोंगरधार, दिव्याची खाजणे, ठाकुर्लीच्या जुन्या रेल्वे वीजकेंद्राचा परिसर, डोंबिवलीचा फडके रोड, कल्याणचा खाडीकाठ आणि दुर्गाडी; यांपैकी किती चौरसांची तीस वर्षांपूर्वीची स्थिती छायाचित्रात सापडेल, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या गल्लीपुरता करून पाहावा.

आपल्याकडे या कामासाठी सर्वांत सोयीचे आणि सर्वांस खुले दप्तर म्हणजे ‘विकिमीडिया कॉमन्स’. विकिपीडियातील लेखांसोबत जी छायाचित्रे दिसतात ती बहुतांशी येथून येतात. सप्टेंबर २००४ मध्ये ते सुरू झाले. दर सप्टेंबरात होणाऱ्या ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ या स्मारकांच्या छायाचित्रस्पर्धेची चित्रेही येथेच जमा होतात. २०११ च्या स्पर्धेत १,६८,२०८ छायाचित्रे आली आणि जगातील सर्वांत मोठी छायाचित्रस्पर्धा म्हणून गिनेसने तिची नोंद घेतली. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, भारतही तीत सहभागी झाला. अंबरनाथच्या शिवालयासारखी संरक्षित स्मारके त्यामुळे अनेकांच्या कॅमेऱ्यातून टिपली गेली. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले ते शिलाहारकालीन मंदिर तसे भाग्यवानच. १८६८ सालीच सरकारी खर्चाने त्याची रेखाचित्रे, छायाचित्रे आणि साचे करून घेण्यात आले होते. बाजारपेठांना असे भाग्य कोण देणार? दूध नाका, पारनाका, जांभळी नाका, महागिरी, मानपाडा रोड यांची नोंद सरकार करणार नाही, स्पर्धेतील हौशी छायाचित्रकारही करणार नाही. ती ज्यांच्या घरात आहे त्यांनीच ती द्यावयाची आहे.

ती घरात असतेच. मुहूर्ताच्या दिवशी दुकानासमोर उभे राहून काढलेला फोटो, चोपडापूजनाच्या रात्रीचा गादीवरचा फोटो, वरघोडा बाजारातून जाताना कोणी माडीवरून टिपलेले दृश्य. घरच्यांचे लक्ष त्यात आजोबांच्या पगडीकडे किंवा काकांच्या लहानपणाकडे जाते. गावाचा इतिहास शोधणारा मात्र त्यांच्या मागे पाहतो. मागे दुकानाची लाकडी फळ्यांची दारे आहेत, बाजूच्या पेढीची पाटी आहे, कडेला उभा असलेला टांगा आहे, रस्त्याची मूळची रुंदी आहे. पुनर्विकासात ती माडीची इमारत गेली आणि तिच्या जागी सात मजले उभे राहिले, की त्या रुंदीचा दुसरा पुरावा क्वचितच उरतो.

येथे एक भेद प्रारंभीच लक्षात घ्यावा. कॉमन्स हा कौटुंबिक अल्बम नव्हे. वाढदिवस, साखरपुडा, सहली यांची छायाचित्रे तेथे स्वीकारली जात नाहीत. ज्ञानासाठी, शिक्षणासाठी उपयोगी पडेल असे काही त्यात असावे लागते. त्यामुळे बारशाच्या समारंभाचा फोटो घरीच राहू द्यावा, पण त्याच दिवशी गच्चीवरून घेतलेला, पलीकडे काळा तलाव आणि मोजकीच कौलारू घरे दाखविणारा फोटो अवश्य द्यावा.

आता प्रत्यक्ष सादरीकरणाकडे वळू. नव्याने घेतलेले छायाचित्र असेल तर मूळ फाइल द्यावी. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत कधीही देऊ नये. त्या प्रवासात चित्र आक्रसते आणि त्याच्या पोटात कॅमेऱ्याने लिहून ठेवलेली तारीख, वेळ व स्थान ही माहिती गळून पडते. चित्रावर आपले नाव, दुकानाचे बोधचिन्ह किंवा तारखेचा शिक्का छापू नये. श्रेय नोंदीत लिहिण्यासाठी स्वतंत्र रकाना असतो. रंग भडक करणारे फिल्टर, चौकटी, फुलापानांची नक्षी यांनाही येथे जागा नाही. चित्र तिरके असेल तर सरळ करावे, कडा थोड्या छाटाव्यात, एवढी मोकळीक पुरे. वीजतारा खोडून आकाश मोकळे केलेले छायाचित्र भिंतीवर टांगण्यास ठीक. दप्तरात ते खोट्या नोंदीसारखे आहे.

जुने छायाचित्र असेल तर भ्रमणध्वनीने फोटोचा फोटो काढण्यापेक्षा स्कॅनर वापरावा. ६०० डीपीआय इतकी सूक्ष्मता छोट्या फोटोंसाठी योग्य ठरते. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढण्याचा हट्ट धरू नये. फाटण्याची भीती असेल तर पानासकटच स्कॅन करावा. आणि मागील बाजूही अवश्य स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, शाईने लिहिलेली तिथी, कोणाला तरी पाठविताना लिहिलेल्या दोन ओळी, असे बरेच काही तेथे असते. डाग, चुण्या, फाटलेला कोपरा जसाच्या तसा ठेवावा. डागडुजी केलेली प्रत द्यावयाचीच असेल तर ती वेगळी द्यावी आणि तसे लिहावे.

फाइलच्या नावाबाबत बहुतेकजण निष्काळजी असतात. कॅमेऱ्याने दिलेला आकडा तसाच ठेवला तर ते चित्र कधी कोणाला सापडणार नाही. नुसते ‘शिवाजी चौक’ किंवा ‘टिळक रोड’ लिहूनही भागत नाही, कारण ही नावे महाराष्ट्रातील गावोगावी आहेत. महात्मा गांधींच्या नावाचा रस्ता नाही असे शहर शोधूनही मिळणार नाही. म्हणून गाव, भाग, खूण आणि वर्ष इतके नावातच यावे: कल्याण पश्चिम, पारनाका, अमुक दिशेकडून, साल अमुक. डोंबिवलीसारख्या नावाची रोमन लिपीत दोन-तीन स्पेलिंगे चालतात, तेव्हा वर्णन मराठीत आणि इंग्रजीत असे दोन्ही लिहिणे शहाणपणाचे. वर्गीकरण करताना आणखी एक खाचखळगा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. जुन्या छायाचित्रावर ‘जि. ठाणे’ असे लिहिलेले वसई किंवा सोपारे आज पालघरमध्ये मोडते. जुना मजकूर जसा आहे तसा उतरवून घ्यावा आणि आजचा जिल्हा स्वतंत्रपणे नमूद करावा. एक खोडून दुसरा लिहू नये.

स्थानाची नोंद अक्षांश-रेखांशांत करता येते. कल्याण स्थानक ढोबळमानाने १९.२४ उत्तर, ७३.१३ पूर्व येथे आहे. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्यामुळे दशांश चिन्हानंतर दोन अंक दिले तर आपण किलोमीटरभराच्या अंतरात असतो, चार अंक दिले तर अकरा मीटरांत. बाजारातील एका दुकानासाठी चार अंक हवेत. मात्र हे स्थान कोणाचे, हाही प्रश्न आहे. मासुंदा तलावाच्या एका काठावर उभे राहून पलीकडच्या काठावरील इमारत टिपली तर छायाचित्रकाराचे स्थान एक आणि इमारतीचे दुसरे. जिओग्राफमध्ये दोन्ही विचारतात, कॉमन्समध्येही दोन्हींची सोय आहे. एकच द्यावयाचे तर कोणते दिले ते लिहावे.

घराच्या बाबतीत मात्र उलट सावधगिरी हवी. भ्रमणध्वनीतील फोटोत स्थान आपोआप नोंदलेले असते. राहत्या घराचे, तिजोरीच्या खोलीचे किंवा दागिन्यांच्या दुकानातील आतील रचनेचे चित्र अशा स्थानासह जगापुढे ठेवणे हा शुद्ध वेडेपणा होय.

सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कठीण काम तारखेचे. जुन्या फोटोवर तारीख नसते, आणि घरातील वडीलधारे ‘साधारण साठ-बासष्ट साल असेल’ असे सांगतात. येथे व्यापारी कुटुंबांना एक अंगभूत लाभ आहे. बाजारातील पाट्या, भाव, मापे आणि कर यांच्या बदलांचा काळ त्यांना ठाऊक असतो, आणि हेच बदल छायाचित्रावर शिक्क्यासारखे उमटलेले असतात. भावफलकावर आणे असतील तर चित्र बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीचे किंवा त्यानंतर लगेचचे. ‘नवे पैसे’ असा शब्द असेल तर ते त्या तारखेनंतरचे, कारण दशमान चलन तेव्हा आले. आणि १९६४ च्या जूनमध्ये ‘नवे’ हा शब्द अधिकृतपणे गळाला. तराजूशेजारी मण आणि शेर असतील तर १९५८ ते १९६२ या संक्रमणाच्या आसपासचे किंवा त्याआधीचे, किलोग्रॅम असतील तर त्या सुमाराचे किंवा नंतरचे. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. भिंतीवर ‘नगरपालिका’ लिहिले असेल तर विचार करावा: ठाण्यात महानगरपालिका १९८२ साली झाली, कल्याण-डोंबिवलीत १९८३ साली. वाहनाच्या पाटीवर ‘एमएच’ असेल तर १९८९ च्या अलीकडचे. गावाचे नाव ‘बॉम्बे’ की ‘मुंबई’, हे १९९५ ची रेषा दाखविते. करक्रमांकात व्हॅट आला की २००५, दर्शनी फलकावर जीएसटी क्रमांक दिसला की १ जुलै २०१७ नंतर, कारण तो तेथे लावणे तेव्हापासून बंधनकारक झाले.

अशा खुणा एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. पाटी जुनी राहून गेलेली असू शकते, नवी गोष्ट मात्र आपल्या काळाआधी दिसू शकत नाही. म्हणून चित्रातील सर्वांत नवी खूण निर्णायक मानावी. ‘नवे पैसे’ आणि ‘किलो’ एकाच फलकावर असले तर तो फोटो १९५८ ते १९६४ या काही वर्षांत येऊन बसतो. नोंदीत ‘१९६१’ असा ठाम आकडा न लिहिता ‘१९५८ ते १९६४ च्या दरम्यान, भावफलकावरून अनुमान’ असे लिहावे. अंदाज हा अंदाज म्हणून लिहिला तर पुढे कोणी तो सुधारू शकतो. ठाम लिहिलेला चुकीचा आकडा मात्र पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून, स्मरणिकांतून खरा म्हणून फिरू लागतो. स्मरणिकांनी या बाबतीत केलेले नुकसान थोडे नाही.

यानंतर मालकीचा प्रश्न येतो, आणि बहुतेकांची गल्लत येथेच होते. आजोबांचा फोटो स्कॅन करून देताना ‘हे माझे स्वतःचे काम’ या पर्यायावर खूण केली जाते. स्कॅन स्वतः केला म्हणून छायाचित्र स्वतःचे होत नाही. कायद्याने छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा. परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये व्यापाऱ्यांना सहज कळेल अशी तरतूद आहे: मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून छायाचित्र काढले असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या छायाचित्राचा पहिला हक्कदार ज्याने ते काढवून घेतले तो. स्टुडिओवाल्याला बोलावून, पैसे देऊन दुकानाचा मुहूर्त टिपला असेल तर हक्क कुटुंबाकडे येतो. तेथून तो वारसांकडे जातो, आणि वारस चार असतील तर चौघांकडे. धाकट्या पातीने एकट्याने निर्णय घेऊ नये. हौसेने मित्राने काढलेला फोटो मात्र मित्राचाच.

मुदतीचाही विचार हवा. २१ जानेवारी १९५८ रोजी आजचा कायदा अमलात येण्यापूर्वी काढलेली छायाचित्रे काढल्यापासून पन्नास वर्षांनी मुक्त झाली, असे कॉमन्सवर धरले जाते. नंतरच्या छायाचित्रांसाठी प्रकाशनापासून साठ वर्षे असा नियम होता. २०१२ च्या दुरुस्तीने तो बदलला. आता छायाचित्रालाही कर्त्याच्या हयातीनंतर साठ वर्षे संरक्षण आहे. मधल्या काळातील चित्रांबाबत शंका असेल तर हक्कदाराने लेखी संमतीचा ईमेल कॉमन्सच्या स्वयंसेवकांकडे पाठविणे हाच राजमार्ग. संमतीचा पुरावा नसलेल्या चित्रावर खूण केली जाते आणि साधारण सात दिवसांत ते काढून टाकले जाते. काहींना हा उद्धटपणा वाटतो. कागदपत्रांवाचून कर्ज मागणाऱ्यालाही बँक उद्धटच वाटते.

देण्याचा अर्थ काय, हे त्याहून अधिक विचार करण्याजोगे. कॉमन्सवर चित्र देताना क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा परवाना द्यावा लागतो. त्यानुसार श्रेय देऊन कोणीही ते चित्र वापरू शकतो, बदलू शकतो, आणि विकूही शकतो. ‘फक्त अव्यापारी वापरासाठी’ अशी अट तेथे चालत नाही. आपल्या पेढीचा साठ वर्षांपूर्वीचा फोटो उद्या एखाद्या दिनदर्शिकेवर छापला गेला, आणि ती दिनदर्शिका प्रतिस्पर्ध्याने काढली, तरी तक्रार करता येणार नाही. दिलेला परवाना मागेही घेता येत नाही. काही घरांना हे पसंत पडणार नाही, आणि न पडणे हाही योग्यच निर्णय ठरू शकतो. फोटो न देता त्याची नीट नोंद करून घरात ठेवणे यातही कमीपणा नाही. संमती देऊन नंतर पस्तावणे तेवढे टाळावे. घरात सर्वांसमोर हा मुद्दा वाचून दाखवावा आणि मगच पुढे जावे.

रस्त्यावरून इमारतींची छायाचित्रे घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. इमारत आणि सार्वजनिक जागी कायम उभारलेला पुतळा यांच्या छायाचित्रास कलम ५२ मध्ये सूट आहे. ती सूट भिंतीवरील चित्रांना मात्र नाही. सध्या उड्डाणपुलांचे खांब आणि शाळांच्या भिंती रंगविण्याची लाट आहे. ती चित्रे चित्रकाराच्या मालकीची असतात, तेव्हा केवळ त्यांचाच जवळून घेतलेला फोटो देऊ नये. जाहिरातफलकांचेही तेच. रेल्वेच्या हद्दीत व्यावसायिक छायाचित्रणास परवानगी लागते. ठाण्याच्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेल्या त्या तटांविषयी कितीही कुतूहल असले तरी पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत कॅमेरा रोखू नये.

मंदिरांविषयी दोन शब्द स्वतंत्रपणे सांगावे लागतील. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रत स्वामींचे जिनालय ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून प्रसिद्ध आहे. श्रीपाल राजा आणि मयणासुंदरी यांच्या कथेशी ठाण्याचे नाव जोडलेले असल्याने दूरदूरचे यात्रेकरू तेथे येतात. शिखराचे, प्रवेशद्वाराचे, रस्त्यावरून दिसणाऱ्या दर्शनी भागाचे छायाचित्र ही भूगोलाची नोंद आहे. गाभाऱ्यातील प्रतिमेचा विषय निराळा. ट्रस्टने मनाई केली असेल तर ती पाळावी, मनाईचा फलक नसला तरी विचारावे. धातूच्या प्राचीन प्रतिमा, चांदीची आंगी, भांडारातील मुकुट यांची छायाचित्रे संघाच्या दप्तरात असणे अत्यावश्यक आहे, कारण चोरी झाल्यास ओळख पटविण्याचा तोच आधार. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखालील नोंदणीसाठीही छायाचित्र लागते. तीच चित्रे स्थानासह सार्वजनिक दप्तरात ठेवणे म्हणजे चोराच्या हाती यादी देणे. साधू-साध्वींच्या बाबतीत काही परंपरांत छायाचित्र काढणेच वर्ज्य मानतात. तेथे प्रश्न संमतीचा नसून मर्यादेचा आहे, आणि विहाराचा रस्ता टिपताना ते चौकटीत येत असतील तर थांबावे.

बाजारातील छायाचित्रांत माणसे येणारच. गर्दीतील अनोळखी चेहऱ्यांना कोणी हरकत घेत नाही. हमाल, भाजीवाली, दुकानातील नोकर असे एकच माणूस ठळकपणे दिसत असेल तर त्याला विचारावे. विचारल्यावर बहुतेक जण आनंदाने उभे राहतात आणि नावही सांगतात. जुन्या चित्रांत तर हेच अधिक खुपते. शेठजींची नावे डावीकडून उजवीकडे क्रमाने लिहिलेली असतात आणि मागे उभे असलेले मुनीम व दिवाणजी ‘इतर’ म्हणून सोडलेले असतात. ते ज्यांना आठवतात अशी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत.

त्यांच्याशी बसण्यास दिवाळीपूर्वीची साफसफाई हा सोयीचा काळ. माळ्यावरची पेटी खाली आली की ती लगेच वर जाऊ देऊ नये. एका वेळी दहा फोटोंपेक्षा जास्त दाखवू नयेत. त्यापुढे वृद्धांना थकवा येतो आणि नावे सरमिसळ होतात. ‘हे कोण?’ असे विचारण्याआधी ‘हा फोटो काढला तेव्हा उन्हाळा होता का, दुकान कोणत्या बाजूला होते, समोर काय होते?’ असे विचारावे; जागा आठवली की माणसे आठवतात. ते बोलत असताना भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण चालू ठेवावे. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नये, शाई पुढे उमटते आणि दाबाने चित्रावर वळ उठतात. मऊ पेन्सिलीने, कडेला, एवढेच लिहावे: ठिकाण, सुमारे साल, डावीकडून नावे, आणि ही माहिती कोणी, कोणत्या तारखेला सांगितली.